शेवाळाने सांडपाणी साफ होतं का? होतं, पण ते शेवाळ काढणार कोण?

प्रश्न थोडक्यात असा आहे: साधारण हजार लोकांच्या वस्तीचं सांडपाणी, शेजारच्या मोठ्या गोठ्याची स्लरी (शेण-मूताचं दाट पाणी) आणि शेतातून निचरा होऊन येणारं पाणी, ही तिन्ही पाणी सूक्ष्म शैवाल वापरून साफ करता येतील का. बादलीत करून बघितलं तर आठ दिवसांत वास गेला, पाणी हिरवंगार झालं आणि लॅबमध्ये अमोनिया जवळजवळ संपलेला दिसला. मग आता तळं खोदायला घ्यावं का, आणि कल्चर (म्हणजे शेवाळाचं विरजण) कुठलं आणावं.

खोदायच्या आधी एक करा. ती बादली आहे ना, तिच्यावर झाकण ठेवा, अंधारात दोन-तीन आठवडे तशीच राहू द्या आणि मग परत अमोनिया मोजा. बराचसा परत आलेला दिसेल, वासासकट. कारण तो गेला कुठेच नव्हता, शेवाळाच्या पेशींत जाऊन बसला होता, पेशी मेल्या की बॅक्टेरियांनी त्या फोडल्या आणि परत पाण्यात सोडला. मी हे काम बरीच वर्षं करतोय आणि अजूनही नवीन माणूस टीममध्ये आला की पहिल्यांदा त्याला हाच बादलीचा प्रयोग करायला लावतो, कारण पुढची सगळी भानगड याच्यातच आहे. शेवाळ वाढवायला काही अक्कल लागत नाही, सांडपाणी उन्हात ठेवलं की ते आपोआप वाढतं. ते पाण्यातून वेगळं कसं काढणार आणि काढून कुठे नेणार, याचं उत्तर तयार नसेल तर तुम्ही फक्त घाणीचा रंग बदललाय.

आता हे चालतं कसं ते पटकन सांगतो. सांडपाण्यातली सेंद्रिय घाण खरं तर शेवाळ खात नाही, म्हणजे काही जाती थोडीफार खातात, पण मुख्य काम बॅक्टेरियाच करतात. त्यांना ऑक्सिजन लागतो. नेहमीच्या एसटीपीत (सांडपाणी शुद्धीकरण प्लँटमध्ये) तो हवा सोडणारे ब्लोअर लावून द्यावा लागतो आणि प्लँटच्या विजेच्या साधारण निम्मी वीज तिथेच जाते. इथे तो ऑक्सिजन शेवाळ देतं, आणि बॅक्टेरियांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड, अमोनिया, फॉस्फेट हे सगळं शेवाळ घेतं. देवाणघेवाण आहे. विल्यम ओसवाल्ड नावाचे कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठातले इंजिनिअर होते, त्यांनी १९५० च्या दशकात याचं गणित मांडलं आणि त्यातूनच उथळ, पाणी गोल गोल फिरत राहणाऱ्या तळ्यांची डिझाईन आली. आज आपण ज्याला रेसवे म्हणतो, म्हणजे लांबट अंड्यासारखं तळं, मधे भिंत, एका बाजूला पाणी ढकलणारं पॅडलव्हील (वल्ह्यांचं चाक), ते मूळ याच कामासाठीचं. म्हणजे आयडिया सत्तर वर्षं जुनी आहे, कोणी तुम्हाला नवीन शोध म्हणून विकत असेल तर जरा जपून.

आता तुमचेच आकडे घेऊन बसू. हजार माणसं, माणशी १२० लिटर, म्हणजे रोजचं १२० घनमीटर पाणी. तळ्याची खोली ३० सेंटिमीटर धरा, पाणी आत सहा दिवस राहणार असं धरा (उन्हाळ्यात चार चालतील, थंडीत आठ-दहा लागतील). म्हणजे ७२० घनमीटरचं तळं, त्याचं क्षेत्रफळ २,४०० चौरस मीटर, पाव हेक्टरच्या आसपास, माणशी जवळपास अडीच चौरस मीटर. साध्या अॅक्टिव्हेटेड स्लजच्या (ब्लोअरने हवा देऊन बॅक्टेरियांकडून पाणी साफ करणाऱ्या) प्लँटला याच्या दहाव्या हिश्श्याइतकी जागा पुरते. म्हणून भर शहरात हे जमणं अवघड, जागा मोकळी आणि ऊन भरपूर तिथेच याला अर्थ आहे.

त्या तळ्यात किती शेवाळ येईल? पेपरमध्ये २५ ग्रॅम प्रति चौरस मीटर प्रति दिवस वगैरे आकडे दिसतात, ते खोटे नसतात पण ते चांगल्या महिन्याचे असतात. वर्षभराची सरासरी मी १५ च्या वर धरत नाही, ढगाळ भागात त्याहून कमी. १५ ने रोजचं ३६ किलो कोरडं शेवाळ झालं. एक किलो शेवाळ वाढताना साधारण दीड किलो ऑक्सिजन सुटतो, म्हणजे ५४ किलो. तुमच्या पाण्याचा बीओडी (म्हणजे सेंद्रिय घाण कुजवायला बॅक्टेरियांना लागणारा ऑक्सिजन) लिटरला २५० मिलिग्रॅम असेल तर त्याला दिवसाला ३० किलो ऑक्सिजन लागेल. म्हणजे ऑक्सिजन भरपूर झाला, उरला सुद्धा. इथपर्यंत सगळे खूश असतात.

पण नायट्रोजनचा हिशोब कोणी करत नाही. तुमच्या पाण्यात लिटरला ५० मिलिग्रॅम नायट्रोजन धरला तर रोजचा ६ किलो झाला. शेवाळाच्या कोरड्या वजनात नायट्रोजन ढोबळ ८ टक्के. ३६ किलोचे ८ टक्के म्हणजे तीन किलोला थोडं कमी. निम्माच! फॉस्फरसचं अजून वाईट, शेवाळात तो १ टक्क्याच्या आसपास, म्हणजे ३६० ग्रॅम, आणि पाण्यात लिटरला ७ मिलिग्रॅम असेल तर रोज येणार ८४० ग्रॅम. मग ते ९० टक्के, ९५ टक्के रिमूव्हलचे रिपोर्ट येतात कुठून? काही खरंच छोट्या फ्लास्कमध्ये, विरळ पाण्यात, चोवीस तास दिव्याखाली केलेले असतात, आणि काहींमध्ये उरलेला नायट्रोजन शेवाळात न जाता भलतीकडेच गेलेला असतो. त्याच्याकडे येतोच.

आणि अजून एक, ३६ किलो शेवाळ १२० घनमीटर पाण्यात म्हणजे लिटरला ३०० मिलिग्रॅम. तुमच्या कच्च्या सांडपाण्यात तरंगणारे घन पदार्थ जवळपास तेवढेच असतात! म्हणजे तळ्यातून पाणी सरळ नाल्यात सोडलं तर जेवढा गाळ आत आला तेवढाच, फक्त हिरवा होऊन बाहेर गेला, आणि पुढे नदीच्या डोहात जाऊन तो मरणार, कुजणार, तिथला ऑक्सिजन खाणार.

मला हे कळायला एक रिपोर्ट कारणीभूत झाला. सुरुवातीच्या काळात एका ठिकाणी आमचं पायलट तळं चालू होतं, आमच्या आकड्यांत बीओडी १५, नायट्रोजन नगण्य, आम्ही फोटोबिटो काढून मोकळे. मग तपासणीसाठी सॅम्पल बाहेरच्या लॅबला गेलं आणि बीओडी शंभरच्या वर आला. आधी आम्ही लॅबलाच नावं ठेवली. मग आमच्यातल्याच एका मुलीने वही उघडून दाखवलं की आपण सॅम्पल मोजायच्या आधी बारीक फिल्टरमधून गाळतो, सगळेच पेपर तसं करतात म्हणून आपणही करतो, आणि त्या लॅबने न गाळता मोजलं. नाल्यात जाणारं पाणी कोण गाळून देतं? त्या दिवसापासून आमच्या वहीत दोन कॉलम असतात, गाळलेलं आणि न गाळलेलं. तुम्हाला कोणी रिझल्ट दाखवले तर पहिला प्रश्न हाच विचारा की हे गाळून का न गाळता. समोरचा अडखळला की समजून जा.

आता ते काढायचं कसं, जरा सविस्तर लिहितो कारण पैसा आणि डोकं दोन्ही इथेच जातं. क्लोरेला, सिनेडेस्मस या नेहमी येणाऱ्या जातींच्या पेशी ५ ते २० मायक्रॉनच्या, घनता पाण्यापेक्षा किंचितच जास्त, आणि पृष्ठभागावर ऋण भार, त्यामुळे एकमेकींना ढकलत राहतात, खाली बसत नाहीत. सेंट्रिफ्यूज (गरगर फिरवून घन भाग वेगळा करणारं यंत्र) लावला तर निघतं सगळं, पण १२० घनमीटर पाणी फिरवून ३६ किलो माल काढायचा म्हणजे ब्लोअरची वाचवलेली वीज तिथे घालवून वर अजून भरायची. तुरटी किंवा फेरिक क्लोराइड टाकून गोळे करता येतात, चांगलं चालतं, फॉस्फेट पण सोबत बसतं, पण मग त्या गाळात अॅल्युमिनियम किंवा लोखंड येतं आणि पुढे त्याचं खत वगैरे करायचं असेल तर विचार करावा लागतो. कायटोसान (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनणारा, गोळे करणारा पदार्थ) हा पर्याय स्वच्छ आहे, पण खर्चिक.

सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते योग्य रस्ता म्हणजे शेवाळालाच खाली बसायची सवय लावायची. सेटलिंग टँकमध्ये (तळ्यानंतरची, पाणी स्थिर ठेवून गाळ खाली बसवायची टाकी) जे खाली बसलं त्यातला थोडा भाग रोज परत तळ्यात सोडायचा, जे वर तरंगतं ते वाहून जाऊ द्यायचं. काही आठवड्यांत असं होतं की बसणाऱ्या जाती आणि शेवाळ-बॅक्टेरियाचे चिकट गोळे यांचंच राज्य होतं, कारण न बसणाऱ्या बाहेर धुऊन गेल्या. न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी हेच पद्धतशीर करून दाखवलं, पेडिअॅस्ट्रम नावाची चांदणीसारखी दिसणारी वसाहत करणारी जात तळ्यात ९० टक्क्यांच्या वर नेली, नुसतं गाळ परत सोडून. यात जेनेटिक काही नाही, शेतकरी बियाण्यासाठी चांगली कणसं बाजूला ठेवतो तेच.

रोजची टेस्ट अगदी साधी आहे. एक लिटरचं काचेचं मोजपात्र घ्या, तळ्यातलं पाणी भरा, सावलीत ठेवा, अर्ध्या तासाने बघा. चांगलं तळं असेल तर पाच मिनिटांतच पाण्यात दही फाटल्यासारखे बारीक गोळे दिसायला लागतात, मग ते खाली सरकतात आणि वर पिवळसर स्वच्छ पाणी, त्यातून पलीकडची बोटं मोजता येतील असं. वाईट तळं असेल तर अर्ध्या तासानेही तसंच हिरवं, जणू रंग कालवलाय. सावलीत का, तर हे पण चुकून शिकलो. भर दुपारी बारा-एकला पाणी भरून उन्हातच ठेवलं होतं, गोळे छान झाले आणि खाली जायच्या ऐवजी सगळे वर आले, नीट बघितलं तर प्रत्येक गोळ्याला मोत्यासारखे बुडबुडे चिकटलेले. ऑक्सिजन! त्या वेळी पाण्यात ऑक्सिजन लिटरला २० मिलिग्रॅमच्या वर जातो, संपृक्त पातळीच्या दुप्पट-तिप्पट, आणि तो बाहेर पडताना गोळे उचलतो. म्हणून सेटलिंग टँकवर छप्पर घाला आणि शक्य असेल तर पाणी तिकडे पहाटे सोडा.

पहाटेचं आलंच आहे तर, एकदा तरी रात्रभर तळ्यावर बसून दर तासाला ऑक्सिजन आणि पीएच (पाणी आम्लधर्मी का अल्कधर्मी याचं माप) मोजा. संध्याकाळी सातला दुपारची श्रीमंती असते, दहापर्यंत उतरते, आणि पहाटे चार-पाचला लोड (म्हणजे तळ्यात येणारी सेंद्रिय घाण) जास्त असेल तर मीटर शून्याजवळ. रात्री शेवाळ पण श्वास घेतं, ते देत नाही, उलट खातं. दिवसा दोनला एकदाच मोजून सगळं मस्त आहे लिहिणारे लोक मी खूप बघितलेत. रात्री फार वेळ शून्य राहत असेल तर लोड कमी करा किंवा तळ्याच्या आधी एक अॅनेरोबिक (बंद, हवेशिवाय कुजवणारी) टाकी बसवून अर्धा बीओडी तिथेच उतरवा. ती टाकी तशीही हवीच, कारण कच्च्या पाण्याचा गढूळपणा उजेड अडवतो. ३० सेंटिमीटर खोलीत उजेड जेमतेम वरच्या थोड्या भागात असतो, पेशी वर-खाली फिरत राहतात म्हणून सगळ्यांना वाटा मिळतो. त्यासाठीच पॅडलव्हील. पाण्याचा वेग सेकंदाला १५ ते २५ सेंटिमीटर ठेवा, जास्त जोर लावू नका, वेग दुप्पट केला की वीज साधारण आठपट लागते.

आता तो हरवलेला नायट्रोजन. सांडपाण्यात शेवाळाच्या गरजेच्या मानाने कार्बन कमी असतो. दुपारी शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, मग बायकार्बोनेट खायला लागतं, आणि पीएच चढतो, ९, साडेनऊ, दहाच्या वर सुद्धा. आता अमोनियाचं असं आहे की २५ अंशाला पीएच ९.२५ च्या आसपास निम्मा अमोनियम हा मुक्त अमोनिया वायू झालेला असतो. वर पॅडलव्हील पाणी घुसळतंय. गेला हवेत! तुमच्या बादलीत पण यातलं काहीतरी झालं असणार, पीएच मोजला होता का बघा. रिपोर्टमध्ये ते रिमूव्हल म्हणून दिसतं, पण तो अमोनिया पुन्हा पावसाबरोबर कुठेतरी उतरतोच, आणि खत म्हणून हातात यायचा नायट्रोजन गेला तो गेलाच. शिवाय मुक्त अमोनिया जास्त झाला की तो शेवाळालाच मारतो. फॉस्फेट मात्र या चढ्या पीएचला कॅल्शियमबरोबर गाळ होऊन बसतं, म्हणजे तेवढा फायदा. कडक पाणी असेल तर जास्तच.

उपाय म्हणजे तळ्यात कार्बन डायऑक्साइड सोडायचा आणि पीएच ८ च्या आसपास धरून ठेवायचा. अॅनेरोबिक टाकीचा बायोगॅस असेल तर त्यात ढोबळ तीस-चाळीस टक्के कार्बन डायऑक्साइडच असतो, तो तळ्याच्या पाण्यात धुऊन घेतला तर गॅस पण सुधारतो आणि शेवाळाला पण खाऊ. स्पेनमध्ये चिकलाना इथे सांडपाण्यावर वाढवलेल्या शेवाळाच्या बायोगॅसवर गाड्या चालवून दाखवल्या, मोठ्या स्केलवर झालेल्या थोड्या प्रकल्पांपैकी तो एक. हजार लोकांच्या प्लँटला हे सगळं झेपेलच असं नाही. तेवढं करायचं नसेल तर किमान हे तरी लिहून ठेवा की किती नायट्रोजन शेवाळातून बाहेर काढला (गाळ वाळवून वजन करून मोजता येतो) आणि किती नुसता गायब झाला. त्यातला काही नायट्रेट होऊन पाण्यातच राहतो, तोही मोजा, फक्त अमोनियाच्या आकड्यावर जाऊ नका.

अजून एक संकट आहे, त्याचं पेपरात फारसं येत नाही पण तळं चालवणारा प्रत्येकजण त्यातून जातो. शुक्रवारी तळं गर्द हिरवं सोडून गेलो, सोमवारी आलो तर चहासारखं पारदर्शक तपकिरी. पाणी एवढं स्वच्छ झालं बघून सोबतचा नवीन मुलगा खूश झाला होता. थेंब मायक्रोस्कोपखाली ठेवला तर रोटिफर (शेवाळ खाणारे सूक्ष्म प्राणी), एकेका दृश्यात पाच-सहा, पोटं हिरवी, डोक्यावरची चक्रं फिरतायत. शेवाळ खाऊन फस्त. ऑक्सिजन कोण देणार, दोन दिवसांत वास सुरू. डाफ्नियासारखे पाण्यातले पिसू आले तर अजून लवकर. उपाय आहेत, पाणी आत राहण्याचे दिवस कमी करून त्यांना वाहून न्यायचं, किंवा मुक्त अमोनिया थोडा वेळ मुद्दाम वाढवायचा, किंवा रात्री ऑक्सिजन कमी असताना कार्बन डायऑक्साइड सोडून त्यांना गुदमरवायचं, पण हे सगळं दोन-चार रोटिफर दिसतात तेव्हा करायचं असतं, चहा झाल्यावर नाही. म्हणून शंभर महागडे सेन्सर नसले तरी चालेल, एक साधा मायक्रोस्कोप आणि तो रोज सकाळी बघणारा माणूस पाहिजे. युग्लिना (शेपटीने पोहणारे हिरवे एकपेशीय जीव) खूप दिसायला लागले तर समजा लोड जास्त होतोय.

गोठ्याची स्लरी. इथे मी तुम्हाला निराश करणार आहे. शेण-मूत कुजवून निघालेल्या स्लरीत अमोनियम लिटरला दोन हजार मिलिग्रॅम असणं अगदी नेहमीचं, रंग काळपट, उजेड दोन बोटं पण आत जात नाही. सरळ तळ्यात टाकली तर शेवाळ मरतं, म्हणून दहा-वीस पट पातळ करतात. ते पाणी कुठून आणणार? तुमच्याकडे वस्तीचं सांडपाणी आहे, त्यात मिसळू असं म्हणाल, तर हिशोब बघा. एक घनमीटर स्लरी म्हणजे दोन किलो नायट्रोजन, तो पूर्ण घ्यायला २५ किलो कोरडं शेवाळ, १५ ग्रॅमच्या दराने जवळपास १,७०० चौरस मीटर तळं. रोजच्या एका घनमीटरसाठी! आणि तुमचं २,४०० चं तळं आधीच वस्तीच्या निम्म्या नायट्रोजनला पुरतंय. ज्याच्याकडे शेत आहे त्याने स्लरी पिकाच्या गरजेइतकी मोजून शेतातच घालावी, पीक हे शेवाळापेक्षा खूप सोपं पडतं, ते काढायला सेंट्रिफ्यूज लागत नाही. शेतात मावत नाही एवढी जास्तीची स्लरी असेल तरच शेवाळाचा विचार, आणि तिथे पण गोठा धुतल्याचं पातळ पाणी आधी घ्या, घट्ट भाग वेगळा करून. डुकरांच्या फार्मचं असेल तर खाद्यातून आलेलं तांबं आणि जस्त पण तपासा, ते शेवाळात साठतं.

शेतातून निचरा होणाऱ्या पाण्याची गोष्ट अगदी उलटी. ते दिसायला स्वच्छ, बीओडी नाहीच, नायट्रेट लिटरला दहा-वीस मिलिग्रॅम आणि थोडा फॉस्फरस, पण पाणी मात्र धो धो, आणि तेही पावसाच्या मागेपुढेच. असल्या विरळ पाण्यात तरंगतं शेवाळ वाढवून परत गाळत बसणं म्हणजे डोंगर पोखरून उंदीर काढणं. इथे चिकटून वाढणारं शेवाळ वापरायचं. उतारावर जाळी अंथरायची, पाणी पातळ थराने लाटेलाटेने सोडायचं, जाळीवर हिरवी-तपकिरी लव वाढते, आठवड्याने खरवडून काढायची, झालं हार्वेस्टिंग. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेचे वॉल्टर एडी यांनी ही पद्धत काढली, अल्गल टर्फ स्क्रबर म्हणतात, आणि अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिलच्या केंद्रात ती गाईंच्या शेणपाण्यावर पण चालवून बघितली. आयोवा स्टेट विद्यापीठात याचाच उभा प्रकार झाला, फिरत्या पट्ट्यावर शेवाळ, पट्टा खाली पाण्यात बुडतो, वर उन्हात येतो, जागा कमी लागते. तुमच्या तिन्ही पाण्यांत मला सगळ्यात आवडलेला भाग हा आहे, आणि बहुतेक तुम्ही सगळ्यात कमी लक्ष दिलेला. फक्त तणनाशक कुठलं मारतात ते विचारा. डाययुरॉन किंवा अॅट्राझीन असेल तर ते नेमकं प्रकाशसंश्लेषणच बंद पाडतात, तण काय आणि शेवाळ काय, त्यांना फरक कळत नाही. फवारणीनंतरचा पहिला निचरा जाळीवर घेऊ नका.

काढलेल्या शेवाळाचं काय, हे लोक सगळ्यात आधी विचारतात आणि डोळ्यांत डिझेल असतं. ते विसरा. पेशीत तेल साठतं ते नायट्रोजनची उपासमार झाल्यावर, आणि सांडपाण्यात तर नायट्रोजनची मेजवानी आहे, दोन्ही एकदम कसं होणार. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९७८ ते १९९६ अशी अठरा वर्षं शेवाळाच्या इंधनावर काढली, शेवटी परवडत नाही म्हणून कार्यक्रम बंद केला. सांडपाण्याचं शेवाळ जनावरांना किंवा माशांना घालायच्या भानगडीत पण पडू नका, त्यात शहराचं काय काय आलेलं असतं. बायोगॅस होतो, पण क्लोरेला आणि सिनेडेस्मसच्या पेशीभित्तिका चिवट, काही पेशी तर बायोगॅसच्या टाकीतून हिरव्याच्या हिरव्या बाहेर येतात, आणि नायट्रोजन जास्त असल्याने एकट्याने घातलं तर अमोनियाचा त्रास, काडीकचरा मिसळून घाला. खत हा सगळ्यात सरळ उपयोग. आठ टक्के नायट्रोजन, हळूहळू सुटणारा. वाळवून किंवा कंपोस्टमध्ये घालून. वाळवताना पातळ थर द्या, दोन इंच जाड पसरलं तर वरून पापडी आणि आतून सडकं मासळीसारखं, तो वास हाताचा तीन दिवस जात नाही. जड धातूंची तपासणी एकदा करून घ्या, वस्तीत कुठे प्लेटिंगचं युनिट किंवा गॅरेज गटारात सोडत असेल तर कळेल.

रोगजंतू बऱ्यापैकी कमी होतात, ऊन, चढा पीएच आणि जास्त ऑक्सिजन मिळून ई-कोलाय मारतात, पण ढगाळ आठवड्यात तेवढे मरत नाहीत, त्यामुळे पाणी कच्च्या खायच्या भाज्यांना जाणार असेल तर पुढे निर्जंतुकीकरण लावाच. आणि पीएच आठला धरून ठेवलात तर हा फायदा थोडा कमी होतो हेही धरून चाला.

मग तुम्ही काय करायचं. अडीच हजार चौरस मीटर आत्ता खोदू नका. पाच-सहा चौरस मीटरचं छोटं रेसवे करा, प्लॅस्टिक शीट अंथरून सुद्धा चालेल, सोबत छप्पर असलेली छोटी सेटलिंग टाकी करा, तिच्याशिवाय काहीच अर्थ नाही, आणि वस्तीचं पाणी अॅनेरोबिक टाकीतून काढून त्यावर पूर्ण एक वर्ष चालवा, थंडी आणि पावसाळा धरून. स्लरी त्यात नको. निचऱ्याच्या पाण्यासाठी वेगळी जाळी, दोन मीटर बाय एक मीटर. नायट्रोजन निम्माच निघतोय असं दिसलं तर घाबरू नका, हिशोबाप्रमाणे तसंच व्हायला हवं, उरलेलं पाणी सिंचनाला वापरता आलं तर तो नायट्रोजन तसाही पिकालाच जाणार. पण पाणी तलावात किंवा नदीत सोडणार असाल तर हे एकटं पुरणार नाही, पुढे पाणवनस्पतींचा टप्पा किंवा दुसरं काहीतरी जोडावं लागेल, आणि ते आत्ताच जागेच्या हिशोबात धरा.

कल्चर विकत घेऊ नका. बाटलीतली शुद्ध जात उघड्या तळ्यात टाकली की पंधरा दिवसांत तिथे कोण राहतंय ते तळंच ठरवतं, तुम्ही नाही. जवळपास जुनी ऑक्सिडेशनची तळी असतील किंवा एखाद्या एसटीपीच्या शेवटच्या टाकीच्या भिंतीवर हिरवा थर असेल तर तिथून बादलीभर आणा, त्यात त्या पाण्याची सवय झालेल्या दहा जाती आधीच आहेत. मिळालंच तर तळाशी बसलेला भाग आणा, वर तरंगणारा नको.

तोवर झाकलेल्या बादलीचा अमोनिया किती आला ते इथे सांगा, आणि त्या आठ दिवसांचा दुपारचा पीएच कुठे लिहून ठेवला असेल तर तोही.